वसतिगृहाला निघालेलं कपाट

लुबनाला मन्सूऱ्याच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याच सकाळी तळमजल्यावरच्या हाज शलबींनी तिला जिन्यात गाठून आपला उजवा गुडघा दाखवला. तिने अजून एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. पण आमच्या दुम्यात गावामध्ये यादीत नाव लागलं की माणूस डॉक्टर होतो, मधली सहा-सात वर्षं हा नुसता सरकारी उपचार. लुबनाने गुडघ्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाली, "हाज, जिने कमी चढा." हाज राहायचे तळमजल्यावर, तरी सल्ला त्यांना फार पटला आणि "आपल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या" हे त्यांनी संध्याकाळपर्यंत गल्लीत घरोघरी सांगितलं.

लुबनाचे वडील रागिबसाहेब हे प्लायवूडच्या सरकारी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कामगारांच्या कानावरची सिगारेट काढून घेणं, बादल्यांत वाळू आहे ना ते बघणं आणि 'धोका' असं लिहिलेल्या पाट्या वर्षातून एकदा पुन्हा रंगवून घेणं, हे त्यांचं काम. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्याला एकदाही आग लागली नाही आणि त्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. न लागलेल्या आगीचं कौतुक कोण करणार? त्यामुळे मुलीला शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा रागिबसाहेबांनी आजवरचं सगळं थकलेलं कौतुक एकरकमी वसूल करायला घेतलं. पाव आणायला ते मुद्दाम लांबच्या बेकरीत जाऊ लागले, कारण जवळच्या बेकरीत सगळ्यांना सांगून झालं होतं.

मग वसतिगृहाकडून पत्र आलं. मुलीने गुरुवारी दुपारी दोनच्या आत हजर व्हावं, न आल्यास तिची खाट यादीतल्या पुढच्या मुलीला देण्यात येईल. सोबत एक चादर, एक ब्लँकेट, कपडे आणि वैयक्तिक गरजेच्या वस्तू आणाव्यात. भिंतीला खिळे ठोकू नयेत. खोलीत शेगडी किंवा पाणी तापवायचं विजेचं वेटोळं वापरू नये, पुरुष पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये. मन्सूऱ्यात रागिबसाहेबांचं कुणी नातलग नव्हतं आणि एकट्या मुलीला भाड्याच्या खोलीत ठेवणं हा विषय त्यांच्या घरात तोंडातून निघण्यासारखाही नव्हता. थोडक्यात, खाट गेली की कॉलेज गेलं.

आता कुणी म्हणेल, एक चादर आणि एक ब्लँकेट, त्यात काय एवढं? पण हे दुम्यात आहे, सुतारांचं गाव. इथे गल्लीत दर तिसऱ्या दारात रंधा चालतो आणि मुलगी बापाच्या घरून दुसऱ्या छपराखाली आयुष्यात एकदाच जाते, ती मागे ट्रकभर सामान घेऊन. दुम्यातकराचा हात खिशातून सहसा निघत नाही असं मन्सूऱ्याचे लोक म्हणतात. म्हणोत. तोच हात मुलीच्या सामानाच्या वेळी कोपरापर्यंत निघतो, हे त्यांना सांगायची आमच्यावर वेळ आलेली नाही. मुलीला घरातून पाठवायची दुसरी पद्धत रागिबसाहेबांना आणि लुबनाच्या आईला, करीमानबाईंना, ठाऊकच नव्हती. त्यात पत्रातले 'वैयक्तिक गरजेच्या वस्तू' हे शब्द रागिबसाहेबांनी सरकारी नजरेने वाचले. सरकारात उभा जन्म घालवलेल्या माणसाला कळतं, की जिथे आकडा लिहिलेला नाही तिथे मनाई नाही.

सुरुवात एका टॉवेलने झाली. करीमानबाईंनी लुबनाच्या लग्नासाठी ती पाळण्यात असल्यापासून सामान जमवलं होतं. ते सगळं दोन्ही पलंगांखाली खोक्यांत बांधलेलं होतं आणि त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. वरच्या मजल्यावरची उम्म शाकिर, म्हणजे शाकिरची आई, कॉफी प्यायला आली होती. ती म्हणाली, "अगं, डॉक्टरीणबाईंना घरातला विटका टॉवेल देणार का? तिथे मोठमोठ्या घरच्या मुली असतील."

करीमानबाई म्हणाल्या, "लग्नाचं मोडायचं नाही बाई."

"एक टॉवेल काढलास म्हणून काय नवरा अडून बसणार आहे?"

एक टॉवेल काढला. तो बाराच्या संचातला निघाला. संच फोडणं अशुभ, म्हणून बाराही आले. टॉवेलांच्या रंगाची बेडशीटं होती, ती मागे ठेवली तर वेडंवाकडं दिसलं असतं. बेडशीटांवर चहाच्या पेल्यांचं खोकं ठेवलेलं होतं, ते उचललंच होतं तर पुन्हा खाली कशाला ठेवायचं, म्हणून तेही आलं. रात्रीपर्यंत दोन्ही पलंगांखालची फरशी लख्ख दिसू लागली, जी लुबनाच्या जन्मापासून कुणी पाहिली नव्हती.

लुबना म्हणाली, "आई, मला एक सूटकेस पुरेल. तिथे एका खोलीत चौघी असतात."

"बरंच झालं," करीमानबाई म्हणाल्या, "पेले सहा आहेत. पाहुणी आली तरी उरतील."

रागिबसाहेबांनी खोलीची सजावट स्वतःकडे घेतली. सजावट ही बायकांची बाब असं गल्लीतल्या पुरुषांचं मत होतं, पण रागिबसाहेबांच्या मते ती सुरक्षा खात्याची बाब होती. त्यांनी न पाहिलेल्या खोलीचा नकाशा काढला. पलंग खिडकीपासून दूर, सतरंजीखालून वायर न्यायची नाही, दिव्यावर कापड टाकायचं नाही, दारामागे काही टांगायचं नाही, आणि दाराच्या दोन्ही अंगांना वाळूची एकेक लाल बादली. बादल्या त्यांनी स्वतः रंगवल्या. पडद्यासाठी करीमानबाईंनी गुलाबी फुलांचं सुंदर कापड आणलं होतं, ते रागिबसाहेबांनी टाकणखार आणि तुरटीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं, म्हणजे पेट घेणार नाही. वाळल्यावर तो पडदा इतका कडक झाला, की भिंतीला टेकवला तर आपला आपण उभा राहिला.

"हा पडदा ओढायचा कसा, बाबा?" लुबनाने विचारलं.

"ओढायचा कशाला? दारासारखा उघडायचा."

हाज शलबी वीजमंडळातून निवृत्त झालेले होते, त्यामुळे आगीबद्दल त्यांची स्वतंत्र मतं होती. ते म्हणाले, प्रयोग केल्याशिवाय खात्री नाही. म्हणून पडदा बाल्कनीतल्या दोरीवर टांगला आणि रागिबसाहेबांनी त्याला काडी लावली. पडदा जळला नाही. जरासा काळवंडला, पण जळला नाही. रागिबसाहेब अभिमानाने हाज शलबींकडे वळले आणि तेवढ्यात वरच्या दोरीवरून खाली लोंबणाऱ्या शाकिरच्या वडिलांच्या पायजम्याने पेट घेतला.

रागिबसाहेबांनी बादली उचलून वाळू वर फेकली. थोडी पायजम्याला लागली, बाकीची सगळी हाज शलबींच्या डोक्यावर उतरली. उम्म शाकिर वरून वाकून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात सुरक्षा अधिकारी हा शब्द दोनदा आला. रागिबसाहेब मात्र शांत होते. "पडदा टिकला," ते म्हणाले. "पायजम्याला तुरटी लावली नव्हती, त्याला मी काय करणार?" शाकिरच्या वडिलांना नवा पायजमा घेऊन द्यावा लागला आणि तो त्यांना आधीच्यापेक्षा आवडला, हे उम्म शाकिरने कधी कबूल केलं नाही.

राहिला प्रश्न खिळ्यांचा. भिंतीला खिळा न ठोकता कपडे टांगायचे कशावर? आरसा लावायचा कुठे? हा प्रश्न करीमानबाईंचे भाऊ फिक्रीमामा यांच्यापुढे मांडला गेला आणि तिथेच सगळं हाताबाहेर गेलं. फिक्रीमामा सुतार. तीस वर्षं त्यांनी नवरानवरीच्या शयनघराचं सामान बनवलं, दुसरं काही बनवलं नाही. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाले, "भिंतीला खिळा चालत नाही ना? मग भिंतच घेऊन जाऊ."

आणि त्यांनी भिंत बनवली. म्हणजे बीचच्या लाकडाची चार पायांवर उभी राहणारी, घडी होणारी पडदी, तिला आरसा आणि खुंट्या. पडदीला शोभेल असं कपाट. कपाटाला शोभेल अशी खुर्ची. कपाटाच्या माथ्यावर गुलाबाच्या वेली कोरल्या आणि मधोमध चोचीत चोच घातलेली दोन कबुतरं. सगळ्याला सोनेरी रंग दिला.

लुबनाने मामांच्या सुतारखान्यात येऊन सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, "मामा, कबुतरं काढता येतील का?"

"काढली तर कपाट बोडकं दिसेल गं."

"तिथे मी हाडं शिकणार आहे, मामा."

"शीक की. कबुतरं काय मधे बोलणार आहेत?"

लुबना वडिलांकडे वळली. पण रागिबसाहेब कपाटाच्या दाराला हात लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता, की तिने कबुतरांचा विषय सोडून दिला. त्यांना खरोखर एवढंच वाटत होतं, की आपल्या मुलीला कुणी रिकाम्या हातांनी आलेली समजू नये. तिने मिळवलं होतं ते एवढं मोठं होतं आणि त्याला साजेसं आपल्याकडे काहीच नव्हतं, फक्त हे लाकूड होतं.

गुरुवारी सकाळी अशूरचा छोटा ट्रक दारात आला. अशूर म्हणजे गल्लीतल्या सगळ्या लग्नांचं सामान वाहणारा ड्रायव्हर. त्याने सामान चढवून झाल्यावर कुणी न सांगता कपाटाला लाल रिबिनी बांधल्या. रागिबसाहेब म्हणाले, "अशूर, हे लग्नाचं सामान नाही." अशूर म्हणाला, "बरोबर आहे साहेब," आणि पुढच्या काचेला गुच्छ लावला. केबिनमध्ये अशूर, करीमानबाई आणि मांडीवर सूटकेस घेतलेली लुबना. मागे फिक्रीमामा कपाट धरून, आणि सोनेरी खुर्चीवर रागिबसाहेब, दोन्ही पायांजवळ एकेक लाल बादली. शिवाय कांदा भरून भाजलेली चार बदकं आणि जिलबीसारख्या गोड मिशब्बकची मोठी परात, कारण दुम्यातहून रिकाम्या तोंडाने कुणी कुठे जात नाही. हाज शलबींनी हात हलवला. उम्म शाकिरने बाल्कनीतून झगारीत काढली, जीभ नाचवत काढलेली ती लांब किणकिणती आरोळी, आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांनी तिला साथ दिली. उम्म शाकिर खरोखर रडत होती, आणि डोळे पुसायला तिने शाकिरच्या वडिलांचा नवा पायजमा घेतला होता.

गावाबाहेर पडताच अशूरने हॉर्न वाजवला. पीप-पीप, पिपीप-पीप. लग्नाचा हॉर्न.

रागिबसाहेबांनी केबिनची मागची काच ठोकली. "साधा वाजव."

"साहेब, मोकळी गाडी असली की साधाच वाजवतो," अशूर मान न वळवता ओरडला. "कपाट असलं की हात आपोआप तसाच वाजवतो. तीस वर्षांची सवय आहे."

आता लग्नाचा हॉर्न ऐकून आमच्याकडे कुणी गप्प बसत नाही. समोरून येणारा उत्तर देतो, मागून येणारा मागे लागतो, ओळख असो वा नसो. तो आशीर्वाद आहे. फारस्कूरला एक टॅक्सी मागे लागली. झर्क्याला चहाच्या टपरीपाशी बायकांनी झगारीत घातली आणि एक पांढरी प्यूजो मागे आली, तिच्यात एक म्हातारबुवा आणि त्यांचं कुटुंब. पुढे एका खऱ्या लग्नाला निघालेले ढोलवाले आपली मिनीबस घेऊन आले, ते म्हणाले वेळ आहे तर थोडी सोबत करू. रागिबसाहेब खुर्चीवरून दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होते आणि मागच्या सगळ्या गाड्यांना वाटत होतं, की नवरीचा बाप आनंदाने हात करतोय. ते आणखी जोरात वाजवायला लागले. खरं सांगायचं तर काही वेळाने रागिबसाहेबांनी नाही म्हणणं थांबवलं. एवढ्या लोकांनी त्यांच्या मुलीसाठी आयुष्यात कधी हॉर्न वाजवला नव्हता. कशासाठी वाजवताहेत हे चुकलं होतं, पण कुणासाठी ते चुकलं नव्हतं.

अशा थाटात ते मुलींच्या वसतिगृहाच्या दारात पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. पहारेकऱ्याने "हजार मब्रूक" असं अभिनंदन करत फाटक उघडलं, मग भानावर येऊन बंद केलं. वरच्या सगळ्या खिडक्यांत मुली जमल्या. ढोल वाजतच होता. आणि फाटकातून वसतिगृहाच्या प्रमुख मादाम इस्मत बाहेर आल्या. बुटक्या, चष्मा साखळीला लटकवलेला, हातात मुलींची यादी.

"लग्नाचा हॉल पलीकडच्या रस्त्याला आहे," त्या म्हणाल्या.

"आम्ही इथेच आलोय," रागिबसाहेब बादल्या ओलांडून खाली उतरत म्हणाले. "लुबना रागिब. वैद्यकीय. पहिलं वर्ष."

मादाम इस्मतनी यादीत नाव पाहिलं, मग कपाट पाहिलं. "विवाहित मुलींना इथे प्रवेश नाही."

"तिचं लग्न झालेलं नाही हो."

"आज आहे का?"

"आजही नाही. कधीच नाही. म्हणजे कधीतरी होईल इन्शाअल्ला, पण आज नाही."

ढोल थांबला. प्यूजोतले म्हातारबुवा पुढे आले आणि कळवळून म्हणाले, "लग्न नाही? मग नवरा कुठे आहे?"

"नवरा नाहीच आहे."

"पळाला?"

रागिबसाहेबांनी काही बोलायच्या आत म्हातारबुवांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, "खचू नका भाऊ. पोरीचं काही चुकलेलं नाही. माझ्या बहिणीचा मुलगा कुवेतला आहे, स्वतःची गाडी आहे, आत्ता फोन करतो." ढोलवाल्यांनी माना खाली घातल्या. मागची टॅक्सी हळूच निघून गेली. वरच्या खिडक्यांतून "बिचारी" असा शब्द स्पष्ट ऐकू आला. रागिबसाहेब उभ्या जागी लाल झाले.

"मॅडम," ते म्हणाले, "मी सरकारी अधिकारी आहे. सुरक्षा खातं. मी शब्द देतो."

मादाम इस्मत वाईट नव्हत्या, त्या फक्त नियमाच्या होत्या, आणि हे रागिबसाहेबांइतकं कुणाला कळणार? त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही माझ्या जागी असता आणि एक बाप दोन कबुतरांचं सोनेरी कपाट, लाल रिबिनी आणि ढोल घेऊन आला असता आणि म्हणाला असता की मुलीचं लग्न नाही, तर तुम्ही काय केलं असतं?"

रागिबसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांनी त्या बापाला फाटकाबाहेर उभं केलं असतं.

"लग्न झालेलं नाही असा नोंदणी कार्यालयाचा दाखला आणा," मादाम इस्मत म्हणाल्या.

"दुम्यातहून? आता? दोन वाजेपर्यंत?"

मादाम इस्मतनी यादीकडे पाहिलं. पुढच्या मुलीचं नाव खाली होतंच. फाटकाच्या आत बाकावर एक सडपातळ मुलगी आपल्या आईबरोबर पिशवी घेऊन बसली होती, आणि ती कोण असणार हे सांगायला नको होतं. आयुष्यभर लोकांच्या चुका आधीच हेरून काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीचं कॉलेज एका कपाटाखाली चिरडलं होतं. करीमानबाई केबिनच्या दाराशी उभ्या राहून तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेत होत्या.

तेव्हा लुबना उतरली. एका हातात सूटकेस घेऊन ती मादाम इस्मतसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण ढोल थांबल्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला.

"मॅडम, हे सामान माझं नाही, आईबाबांचं आहे. माझं सामान ही सूटकेस. मी पाळण्यात होते तेव्हापासून हे दोघं माझ्या जाण्याची तयारी करताहेत. मुलगी जाते म्हणजे एकाच ठिकाणी जाते, एवढंच त्यांना कुणी शिकवलं होतं. मी दुसरीकडेच निघाले. त्यांनी तरीही काही कमी केलं नाही. यात नवरा कुठे बसवायचा ते तुम्हीच सांगा."

रागिबसाहेब मुलीकडे बघत राहिले. ही घरात मीठ मागायचं झालं तरी हळू बोलणारी मुलगी. तिला आपली लाज वाटत असणार, ही भीती त्यांना फारस्कूरपासून कुरतडत होती, आणि आत्ता एवढ्या परक्या लोकांसमोर तिने त्यांना आपल्या शेजारी उभं केलं होतं.

मादाम इस्मतनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "किती मार्क?"

"शंभरात अठ्ठ्याण्णव."

"मग दोन कुठे गेले?" त्या म्हणाल्या आणि यादीत तिच्या नावापुढे खूण केली. "लग्न ठरलेल्या मुलीला एवढे मार्क पडत नाहीत. दाखला शनिवारी पोस्टाने पाठवा. आणि ती बाकावरची मुलगी माझी भाची आहे, मला घरी न्यायला आलीय. तिच्याकडे असं बघू नका, घाबरेल ती."

मग जे झालं ते आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात झालेलं नाही. म्हातारबुवांच्या कुटुंबाने झगारीत काढली, वरच्या खिडक्यांनी ती उचलली, आणि ढोलवाल्यांनी या वेळी कुणासाठी वाजवतोय ते नीट समजून ढोल वाजवला. रागिबसाहेबांनी बदकं आणि मिशब्बक तिथेच फाटकात वाटून टाकली. म्हातारबुवा बदकाचा पाय खात खात म्हणाले, "तरी कुवेतचा पत्ता ठेवा, डॉक्टर झाल्यावर लागेल." रागिबसाहेब म्हणाले, "डॉक्टर झाल्यावर तो तिच्या दवाखान्यात नंबर लावून येईल."

पण कपाटाला प्रवेश नव्हता. पडदीला नव्हता, खुर्चीला नव्हता, पेल्यांनाही नव्हता. आणि रागिबसाहेबांनाही नव्हता. पुरुषांना फाटकाच्या आत मनाई. ज्या खोलीचा त्यांनी नकाशा काढला, ज्या पडद्यासाठी शेजाऱ्याचा पायजमा जाळला, ती खोली त्यांना दिसणारच नव्हती. हे पत्रात लिहिलेलं होतं, त्यांनी ते वाचलंही होतं, पण आपल्याला लागू होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. करीमानबाई एकट्या आत गेल्या. रागिबसाहेब पहारेकऱ्याच्या बाकावर बसले आणि पहारेकऱ्याच्या कानावरची सिगारेट बघून न बघितल्यासारखं केलं.

करीमानबाई डोळे पुसत परत आल्या. रागिबसाहेबांनी लगेच विचारलं, "कशी आहे खोली?"

"छान आहे. चार खाटा आहेत."

"वायर कुठून गेलीय?"

"कसली वायर? मी पोरीकडे बघू की वायरीकडे?"

तेवढ्यात लुबना धावत फाटकाशी आली. गजांना धरून, धापा टाकत ती म्हणाली, "बाबा, दार बाहेरच्या बाजूला उघडतं. वायर नळीतून गेलीय, कुठे उघडी नाही. माझी खाट खिडकीपासून दूर घेतली. जिना दोन खोल्या सोडून आहे आणि जिन्यात काही ठेवलेलं नाही. तुमचा आणि आईचा फोटो उशाशी ठेवलाय, नुसता टेकवून. खिळा नाही मारला."

रागिबसाहेबांनी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. जेवताना बडबडायचे तेव्हा घरात कुणी ऐकतंय असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. त्यांना खूप बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "बरोबर आहे." कारखान्यात त्यांनी आजवर एकाही माणसाला बरोबर आहे असं म्हटलं नव्हतं.

परतीच्या वेळी अशूरने ताडपत्री काढली. फिक्रीमामांनी दुसरं टोक धरलं.

"हे काय?" रागिबसाहेबांनी विचारलं.

अशूर खाली बघत म्हणाला, "साहेब, नवरीचं सामान माघारी येतं ते झाकून आणतात. आणि अंधार पडल्यावर. मी नेहमी बाजारामागच्या रस्त्याने नेतो, कुणी बघत नाही."

खरं होतं. दुम्यातमध्ये मुलीचं सामान परत आलेलं दिसणं याहून मोठी नामुष्की नाही. त्या दिवशी गल्ली खिडक्या लावून घेते आणि बापाशी महिनाभर हवापाण्याच्या गप्पा मारते. रागिबसाहेबांनी ताडपत्री घालू दिली. झर्क्याच्या टपरीपाशी गाडी थांबली तेव्हा सकाळच्या त्याच बायका पुढे आल्या आणि ताडपत्रीखालून डोकावणारी सोनेरी खुर्ची बघून एक म्हणाली, "अरे देवा, एक दिवससुद्धा नाही?" रागिबसाहेब कपाटामागे सरकले. गाडी सुटली. बराच वेळ ते तिथेच अंग चोरून बसले होते.

मग त्यांना स्वतःचाच राग आला. मुलगी तिकडे एवढ्या लोकांसमोर त्यांच्यासाठी ताठ उभी राहिली आणि बाप इकडे कपाटाच्या आड लपतोय? ते उठले, दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री गोळा करून पायाखाली घातली.

"दाजी, लोक बघतील," फिक्रीमामा म्हणाले.

"बघू दे. अशूर, बाजारामागून नाही. सरळ आपल्या गल्लीतून."

ऊन अजून होतं. ट्रक गल्लीत शिरला आणि रंधे थांबले. बाल्कनी बाल्कनीत माणसं उभी राहिली. उम्म शाकिरने हात छातीवर ठेवला. हाज शलबी गुडघा धरत दाराशी आले, कपाटाकडे पाहिलं, कबुतरांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "रागिबसाहेब, सामान परत आलं?"

रागिबसाहेब सोनेरी खुर्चीवर उभे राहिले, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जावं म्हणून.

"मुलीला घेतलं, हाज. सामानाला मार्क कमी पडले. आता बघत काय उभे राहिलात सगळे? खाली या, कपाट जड आहे."